स्पेस शटल: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि थोडी लांबलेली उत्तरे

शाळा-कॉलेजांत अवकाशविज्ञानावर बोलायला जातो तेव्हा चांद्रयान, मंगळयान, गगनयान सगळे सांगून होते. मग प्रश्नोत्तरांची वेळ आली की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, ते विमानासारखं यान होतं ना..." ते म्हणजे अमेरिकेच्या नासाचे स्पेस शटल. त्याचे शेवटचे उड्डाण झाले २०११ साली. विचारणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी प्रश्न थांबत नाहीत, आणि असतातही तेच ते. म्हणून एकदाचे लिहून काढले.

शटल म्हणजे ते पांढरे विमान, बरोबर?

अर्धे बरोबर. उड्डाणाच्या वेळी तळावर उभे असायचे ते तीन भागांचे बिऱ्हाड. पंख असलेले काळे-पांढरे यान म्हणजे ऑर्बायटर. लांबी ३७ मीटर, आत माणसे आणि सामान, शेपटाशी तीन मुख्य इंजिने. त्याच्या पोटाशी ४७ मीटरची केशरी टाकी, कारण या इंजिनांचे इंधन यानात मावतच नव्हते. आणि टाकीच्या दोन बाजूंना घनइंधनाचे दोन बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा जोर देणारी रॉकेटे. बूस्टर दोन मिनिटांत जळून सुटायचे, पॅराशूटने अटलांटिक महासागरात उतरायचे आणि जहाजे त्यांना ओढत परत आणायची. टाकी मात्र साडेआठ मिनिटांनी सुटली की वातावरणात तुटून-जळून जायची. दर वेळी नवी लागायची ती एवढीच.

अवकाशात गेलेली ऑर्बायटर पाच. डिस्कव्हरी ३९ वेळा, अटलांटिस ३३, कोलंबिया २८, एंडेव्हर २५ आणि चॅलेंजर १०. एकूण उड्डाणे १३५. सहावे एंटरप्राइज, ते फक्त हवेत सोडून उतरवून बघण्यासाठी होते. त्याचे नाव आधी 'कॉन्स्टिट्यूशन' ठरले होते, पण एका अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा इतका पाऊस पाडला की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नाव बदलायला लावले. लोकांचे शटलवेड असे पहिल्या यानाच्या बारशापासूनचे आहे.

इतकी याने झाली, मग लोकांचा जीव शटलवरच का?

माझे उत्तर साधे आहे: ते विमानासारखे दिसते म्हणून. बाकीची याने परततात ती काळवंडलेल्या पातेल्यासारखी, पॅराशूटला लोंबकळत, समुद्रात नाहीतर माळरानावर. शटल चाके काढून धावपट्टीवर उतरायचे. आत वैमानिक, समोर काचा, मागे शेपूट. पाहणाऱ्याला वाटायचे, आज हे गेले, उद्या आपणही तिकीट काढून जाऊ. नासानेही ही समजूत खोडून काढायची फारशी घाई केली नाही. खरे तर आपल्या मनातले बहुतेक गैरसमज या एका दिसण्यातून आले आहेत. पुढची निम्मी उत्तरे त्याच गाठीशी येऊन थांबतात.

मग ते विमानासारखे उडायचे का?

पडायचे. वैमानिक त्याला गमतीने उडती वीट म्हणत. परतताना मुख्य इंजिने निव्वळ ओझे, कारण टाकी नाही तर इंधन नाही. फ्लोरिडात उतरायचे असेल तर हिंदी महासागरावर असतानाच यान उलटे फिरवून, शेपूट पुढे करून, छोटी इंजिने दोन-तीन मिनिटे पेटवायची. वेग जरासाच कमी व्हायचा, पण कक्षा सुटायला तेवढा पुरे. तिथून तासाभरात चाके जमिनीवर. मध्ये फेरविचाराची सोय नाही. प्रवासी विमानाला उतरणे जमले नाही तर ते पुन्हा वर चढून घिरटी घेते. शटलला एकच संधी.

प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. शटल जवळजवळ २० अंशांनी यायचे, आणि शेवटच्या काही सेकंदांत नाक उचलून ताशी साधारण ३५० किलोमीटर वेगाने टेकायचे. म्हणून तर फ्लोरिडातली धावपट्टी साडेचार किलोमीटरहून लांब. (तिच्यावर अधूनमधून मगरी ऊन खात पडलेल्या असत. त्यांना हुसकणे हेही कुणाचे तरी काम होते.) सरावासाठी नासाने एक छोटे जेट विमान खास बदलून घेतले होते. त्याची चाके हवेतच बाहेर काढायची आणि इंजिने उलट्या जोराने चालवायची, तेव्हा कुठे ते शटलइतके वाईट उडायचे. वैमानिक त्यावर शेकडो वेळा उतरायचा सराव करत.

वाईटच उडणार होते, तर पंख कशाला दिले?

हा प्रश्न विचारणारा मुलगा पुढे चांगला इंजिनिअर होणार, असे मी समजतो. छोट्या पंखांवरही भागले असते. पण १९७२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शटलला हिरवा कंदील दाखवला, त्याआधीची दोन-तीन वर्षे नासा पैशासाठी दारोदार फिरत होती. अमेरिकी हवाई दलाचा पाठिंबा हवा होता, आणि त्यांच्या अटी होत्या. सामानाची खोली १८ मीटर लांब हवी, म्हणजे मोठे हेरगिरी उपग्रह मावतील. कॅलिफोर्नियातून उडून, पृथ्वीला एकच फेरी मारून तिथेच परत उतरता आले पाहिजे. पण एका फेरीच्या वेळात पृथ्वी खाली फिरलेली असते, तळ पूर्वेला सरकलेला असतो. तेवढे अंतर, जवळजवळ २,००० किलोमीटर, आडवे कापायचे तर मोठे त्रिकोणी पंख हवेत. पंख मोठे म्हणजे वजन जास्त, तापणारा भाग जास्त, उष्णता अडवणाऱ्या फरशा जास्त.

आणि हवाई दलाने कॅलिफोर्नियातून ते उड्डाण किती वेळा केले? एकदाही नाही. घरात पाहुण्यांसाठी मोठी खोली बांधावी आणि पाहुणे कधी येऊच नयेत, तसे झाले. घरपट्टी मात्र तीस वर्षे भरली.

त्या काळ्या फरशांचे एवढे कौतुक का?

कारण त्या खरेच कौतुकाच्या होत्या, आणि तेवढ्याच डोकेदुखीच्याही. यानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. तो साधारण १७५ अंश सेल्सिअसपलीकडे तापू द्यायचा नाही, आणि बाहेर पोटाशी १,२०० अंशांच्या वर. मधे काही इंचांची फरशी. ती शुद्ध वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या तंतूंची. तिच्यात जेमतेम दहा टक्के पदार्थ, बाकी हवा. हातात घेतली तर थर्मोकोल वाटावी. भट्टीतून लालबुंद फरशी काढून काही सेकंदांत तिच्या कडा उघड्या बोटांनी धरून दाखवायचा प्रयोग नासाचे लोक हौसेने करत. आत धगधगते, पण उष्णता बोटापर्यंत पोहोचतच नाही.

एका यानावर अशा सुमारे २४,००० फरशा, कोलंबियावर सुरुवातीला तीस हजारांहून जास्त. जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर नंबर. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, फुटके कौल काढून नवे बसवतात, तसेच हे. फरक इतकाच की कौल कुठेही चालते. इथे एका जागची फरशी दुसऱ्या जागी बसत नाही. फरशी ठिसूळ आणि धातू तापला-थंडावला की हलणारा, म्हणून मधे नमद्यासारख्या कापडाचा थर आणि दोन्हीकडून सिलिकॉनचा गोंद. शिवाय फरशी पाणी पिते. तेव्हा प्रत्येक उड्डाणानंतर सुईने एकेकीत जलरोधक रसायन टोचायचे. हजारो फरशा, हजारो टोचण्या. 'पुन्हा वापरता येणारे यान' या शब्दांमागे ही शाकारणी होती. १९७९ मध्ये कोलंबियाला जम्बो विमानाच्या पाठीवर बसवून कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला नेले, तेव्हा कितीतरी फरशा बसवायच्याच राहिल्या होत्या, आणि पहिले उड्डाण लांबण्याचे एक मोठे कारण त्याच ठरल्या.

नाकाचे टोक आणि पंखांच्या पुढच्या कडा यांना फरशाही पुरत नव्हत्या. तिथे करड्या कार्बनचे कवच होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यान हवेच्या घर्षणाने तापते ना?

पाठ्यपुस्तकात तसे लिहितात. घर्षण असते, पण मुख्य कारण दाब. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक चटका देते ते आठवा. ध्वनीच्या पंचवीसपट वेगाने यान आले की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दबते आणि भयंकर तापते. म्हणून यान नाक ४० अंश वर करून, पोट पुढे करून यायचे. बोथट पोटापुढे तापलेल्या हवेची उशी तयार होते आणि बरीचशी उष्णता यानाला न शिवता बाजूने निघून जाते.

इंजिनांत एवढे काय विशेष होते?

माझ्या मते संपूर्ण शटलमध्ये सर्वांत देखणी वस्तू हीच. टाकीत साधारण २० लाख लिटर द्रव. म्हणजे दहा हजार लिटरचे २०० टँकर, आणि ते रिकामे व्हायचे साडेआठ मिनिटांत. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर, ऑक्सिजन उणे १८३ वर, आणि इंजिनाच्या पोटात ३,३०० अंश. इतके तापमान कुठलाच धातू सोसत नाही. युक्ती अशी की जळायला निघालेला थंडगार हायड्रोजनच आधी इंजिनाच्या भिंतींमधल्या बारीक वाटांतून फिरवायचा. इंधनच थंडाई! हायड्रोजन ढकलणाऱ्या पंपाचे मिनिटाला सुमारे ३५,००० फेरे, ताकद सत्तर हजार अश्वशक्तीच्या आसपास, आणि आकार एखाद्या मोटारीच्या इंजिनाएवढा.

उड्डाणाआधी ६.६ सेकंद ही इंजिने पेटत. ती एका बाजूला असल्यामुळे सगळा डोलारा हातभर झुकायचा आणि परत सरळ व्हायचा. तो बरोबर उभा झाला की बूस्टर पेटवायचे. द्रवइंधनाची इंजिने तोवर बंद करता येत, आणि काही वेळा तशी केलीही. बूस्टर मात्र दिवाळीतल्या रॉकेटच्या जातीचा. एकदा पेटला की पेटला.

ही इंजिने अजून संपलेली नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे गेलेल्या आर्टेमिस-१ मोहिमेच्या रॉकेटखाली जी चार इंजिने होती, ती शटलवर उडून आलेलीच होती. त्यांना या खेपेला परत मात्र यायचे नव्हते.

टाकी केशरी का? रंगवायला पैसे नव्हते?

पहिल्या दोन उड्डाणांत ती पांढरी रंगवली होती. मग कळले की रंगाचेच वजन २७० किलोच्या आसपास. सोडून दिला. केशरी दिसतो तो आतला थंडावा टिकवणारा फोम, उन्हाने गडद झालेला. १९९५ मध्ये सुतारपक्ष्यांनी या फोममध्ये चोचीने सुमारे २०० भोके पाडली. डिस्कव्हरीला तळावरून परत इमारतीत न्यावे लागले, उड्डाण लांबले. नंतर पक्ष्यांना घाबरवायला प्लॅस्टिकची घुबडे बसवली. शेतातले बुजगावणे, नासाच्या खर्चाने.

उड्डाणाच्या वेळचा तो प्रचंड ढग धुराचा का?

बूस्टरचा धूर त्यात असतो, पण बराचसा भाग वाफेचा. मुख्य इंजिनांतून निघते तीच पाण्याची वाफ. शिवाय आवाजाच्या हादऱ्याने यानच फुटू नये म्हणून तळावर लाखो लिटर पाणी ओतत, त्याचीही वाफ होते.

बूस्टरची रुंदी रोमन घोड्यांच्या पार्श्वभागावरून ठरली, हे खरे का?

व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरते. बूस्टरचे तुकडे युटा राज्यातून रेल्वेने यायचे आणि बोगदे-पुलांतून जाईल एवढाच त्यांचा व्यास ठेवणे भाग होते, इतके खरे. पण बूस्टरचा व्यास ३.७ मीटर आणि रुळांमधले अंतर १.४ मीटर. घोडे बिचारे यात कुठेच नाहीत.

त्यातले संगणक आजच्या मोबाइलपेक्षा मागास होते म्हणे?

स्मृती सुरुवातीला अर्ध्या एमबीहून कमी. तुमचा सकाळचा 'शुभ प्रभात'चा फोटो त्यात मावला नसता. पण संगणक पाच होते. चार जण एकच आज्ञावली चालवत आणि सतत एकमेकांची उत्तरे ताडून बघत. एखाद्याचे उत्तर वेगळे आले तर त्याला वगळता यायचे. पाचव्यात दुसऱ्याच गटाने स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली, कारण चौघांत तीच चूक असेल तर चौघेही एकमताने चुकतील. १० एप्रिल १९८१ चे पहिले उड्डाण रद्द झाले ते या पाचव्याचा बाकीच्यांशी वेळेचा मेळ न बसल्यामुळे. दोन दिवसांनी, १२ एप्रिलला, जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन उडाले. अवकाशात गेलेला पहिला माणूस गागारिन, त्याच्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली होती, पण तो योगायोग. या यानाची त्याआधी एकदाही माणसांशिवाय अवकाशात चाचणी झाली नव्हती.

चॅलेंजरचे नेमके काय झाले?

२८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद. बूस्टरच्या तुकड्यांच्या सांध्यात रबराची कडी असायची. प्रेशर कुकरच्या झाकणात असते तशीच, फक्त अवाढव्य. त्या रात्री फ्लोरिडात पाणी गोठेल अशी थंडी पडली होती. थंडीने रबर ताठरते आणि फट बुजवायला वेळेत फुगत नाही. उजव्या बूस्टरच्या सांध्यातून ज्वाळा बाहेर आली, टाकीपर्यंत पोहोचली, आणि यान हवेच्या माऱ्याने तुटले. सातजण गेले, त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका होती.

मला जास्त बोचते ते आदल्या रात्रीचे. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी, रॉजर बॉइसजोली त्यांतले एक, फोनवरच्या बैठकीत सांगितले होते की एवढ्या थंडीत उडवू नका. आदल्या वर्षीच्या थंडीतल्या उड्डाणानंतर सांध्यात काजळी सापडली होती, हा पुरावाही होता. पण उड्डाण धोक्याचे आहे हे त्यांनीच सिद्ध करावे, अशी अपेक्षा झाली. खरे तर उलट हवे होते. नंतर चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅमेऱ्यांसमोर रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. त्यांच्याच टिपणात आहे की व्यवस्थापन अपघाताची शक्यता लाखात एक सांगत होते आणि काम करणारे इंजिनिअर शंभरात एक. अखेरचा हिशेब १३५ मध्ये दोन असा लागला.

आणि कल्पना चावलांचे कोलंबिया?

१६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलो. "सर, फोमने काय होतं?" हा प्रश्न मुले विचारतात, तसाच नासातल्या वरिष्ठांनाही पडला होता. फोम नेहमीच पडत आला होता आणि काही बिघडले नव्हते. पण यान ज्या वेगाने पुढे जात होते त्या मानाने तो तुकडा ताशी ८०० किलोमीटरच्या वर वेगाने आदळला. मघाशी सांगितलेल्या कार्बनच्या कवचाला भोक पडले. इंजिनिअरांनी उपग्रहांकडून पंखाची छायाचित्रे मागवा म्हणून विनवले. मागणी वर गेली नाही. १ फेब्रुवारीला, उतरायला साधारण पंधरा मिनिटे असताना, तापलेली हवा त्या भोकातून पंखात शिरली आणि यान टेक्सासवर तुटले. पुढे जुलैत तसाच फोमचा तुकडा तोफेतून खऱ्या कवचावर झाडून पाहिला. हातभर भोक पडले. बघणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

कर्नालच्या कल्पना चावला यांची ती दुसरी फेरी. पहिली १९९७ ची, तीही कोलंबियातूनच. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या मेटसॅट-१ उपग्रहाचे नाव कल्पना-१ झाले.

भारताचा शटलशी आणखी काही संबंध?

बराच. तुमच्या घरी ऐंशीच्या दशकात अँटेना फिरवून दूरदर्शन दिसत असेल, तर थोडे आभार चॅलेंजरचे माना. ३० ऑगस्ट १९८३ ला त्याने आपला इन्सॅट-१बी वर नेला. त्याआधीचा इन्सॅट-१ए १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे सगळी भिस्त यावर. शटलचे ते पहिले रात्रीचे उड्डाण, आणि रात्रीची वेळ धरली तीही आपल्या उपग्रहाच्या सोयीसाठी. गावोगावच्या दूरदर्शनला आणि हवामानाच्या बातम्यांतल्या ढगांच्या चित्रांना याच उपग्रहाने आधार दिला. नंतर बूस्टर समुद्रातून आणून पाहिले, तर एकाच्या नळकांड्याचे आतले अस्तर धोकादायक इतके झिजलेले. आपला इन्सॅट थोडक्यात वाचला होता.

१९८५ मध्ये चॅलेंजरवरच 'अनुराधा' नावाचा विश्वकिरणांचा प्रयोग गेला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेला. इन्सॅट-१सी सोबत एक भारतीयही जाणार होता, पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट यांची निवडही झाली होती. चॅलेंजरच्या अपघाताने ते राहूनच गेले. राकेश शर्मा शटलमधून गेले नव्हते, ते १९८४ मध्ये सोव्हिएत सोयूझमधून गेले.

आणखी एक, जुन्या माणसांसाठी. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब हे अमेरिकेचे अंतराळ स्थानक डोक्यावर पडणार म्हणून जी घबराट झाली, ती आठवते? स्कायलॅबला वर ढकलायला शटल जाणार होते. ते वेळेत तयार झाले नाही, आणि स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडली.

शटल चंद्रावर गेले होते का?

नाही. सर्वांत उंच गेले ते अवकाशातल्या हबल दुर्बिणीसाठी, ६०० किलोमीटरच्या आसपास. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर.

एवढे चांगले होते तर बंद का केले?

महाग आणि धोक्याचे म्हणून. स्वप्न होते दोन आठवड्यांत यान पुन्हा सज्ज, वर्षाला पन्नासेक उड्डाणे. सर्वाधिक झाली ती १९८५ मध्ये, नऊ. सगळा खर्च उड्डाणांवर वाटला तर प्रत्येकी दीड अब्ज डॉलरच्या घरात जातो. शिवाय माणसे बूस्टर-टाकीच्या शेजारी बसलेली, वरून काही पडले तर थेट अंगावर, आणि सुटकेचे रॉकेट नाही. कॅप्सूल, म्हणजे मघाचे ते पातेल्यासारखे यान, रॉकेटच्या टोकाला असते, तिच्यावर पडायला काही नसतेच. तरी या महाग यानाने हबलची १९९३ मध्ये बिघडलेली दृष्टी सुधारली आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे बहुतेक मोठे भाग वर नेले. ते दुसऱ्या कुठल्या यानाला तेव्हा जमले असते, असे मला वाटत नाही.

रशियाने नक्कल केली होती?

बुरान. दिसायला जुळा भाऊ, आतून बराच वेगळा; मुख्य इंजिने यानात नव्हे, खालच्या रॉकेटात. १५ नोव्हेंबर १९८८ ला दोन फेऱ्या मारून माणसाविना आपोआप उतरले, शटलने हे कधीच केले नाही. मग देशच मोडला. २००२ मध्ये गोदामाचे छत कोसळून ते यान चिरडले.

आपण असे यान बनवतोय का?

इस्रोचे छोटे पंखवाले यान २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरावर उडवून पाहिले. २०२३ आणि २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडले, आणि ते स्वतःहून धावपट्टीवर उतरले. नाव पुष्पक. आत माणूस नाही. मला ते बरोबर वाटते. सामान पोहोचवायला माणसाचा जीव कशाला पणाला लावायचा?

आता शटल कुठे पाहायला मिळेल?

डिस्कव्हरी वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात, अटलांटिस फ्लोरिडाच्या केनेडी अवकाश केंद्रात, एंटरप्राइज न्यूयॉर्कला. एंडेव्हर लॉस एंजेलिसला. २०१२ मध्ये ते शहराच्या रस्त्यांवरून १९ किलोमीटर ओढत नेले, तीन दिवस लागले, वाटेतली शेकडो झाडे तोडली आणि बघ्यांची पालखीसारखी गर्दी. जानेवारी २०२४ मध्ये ते टाकी-बूस्टरसह उभे केले आहे, उड्डाणाला निघाल्यासारखे.

मुलाबाळांकडे अमेरिकेत जाणार असाल तर वाट वाकडी करून जा. आणि एक करा: लांबून फोटो काढून झाला की पोटाखाली जितके जवळ जाऊ देतील तितके जा. फरशांवरचे नंबर दिसतात. काही फरशा कुळकुळीत काळ्या, काही फिकट झालेल्या. काळ्या आहेत त्या अलीकडे बदललेल्या.